व्हिडिओ कुठे थांबवायचा?

ऑनलाइन शिकवणं कोरोनाबरोबर संपलं, असं शहरात बसून वाटू शकतं. शिरूर तालुक्यातल्या निमोण्यासारख्या गावात त्याची गरज आजही आहे. उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती असताना दहावीच्या मुलांना जादा तासासाठी अंधार पडेपर्यंत शाळेत थांबवणं धोक्याचं. रांजणगावच्या एमआयडीसीतली पाळी संपवून वडील घरी आले की फोन मोकळा होतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर अभ्यास सुरू करता येतो. प्रश्न असा की, त्या तासाभरात मुलांच्या हाती काय पडतं? यूट्यूबची एक लिंक, खाली ‘हा व्हिडिओ पाहून घ्या’ अशी सूचना आणि मुलांचे अंगठे, एवढ्यावर भागवलं जात असेल, तर त्याला शिकवणं म्हणता येत नाही.

यूट्यूबवर चांगल्या शैक्षणिक वाहिन्या भरपूर आहेत, मराठीतही आहेत. उणीव आहे ती व्हिडिओ योग्य जागी थांबवणाऱ्या शिक्षकाची.

दहावीच्या विज्ञानातली विद्युत मोटार घ्या. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून करायच्या खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती केल्या. त्यांतल्या अनेक मराठीत आहेत, फुकट आहेत. त्यांपैकी एकीत सेल, दोन सेफ्टी पिना, रबरबँड, लहानसं चुंबक आणि लेप असलेली तांब्याची तार एवढ्यावर मोटार फिरते. मेख आहे ती तारेच्या टोकांत. वेटोळ्याच्या एका टोकाचा लेप पूर्ण खरवडायचा, दुसऱ्या टोकावर मात्र एका बाजूचा लेप तसाच ठेवायचा. शिक्षकाने नेमकं इथे थांबावं आणि विचारावं: दुसरं टोकही पूर्ण खरवडलं तर काय होईल? उत्तर ग्रुपवर लिहायचं, पुढचं नंतर पाहायचं. बहुतेक मुलं म्हणतील, मोटार जास्त जोरात फिरेल. मग दोन्ही प्रकारची वेटोळी घरी करून पाहायची. पूर्ण खरवडलेलं वेटोळं अर्धा फेरा घेतं, उलटा धक्का खातं आणि डुगडुगत राहतं. लेप ठेवलेल्या वेटोळ्यात त्या अर्ध्या फेऱ्यात प्रवाह तुटतो आणि ते आपल्याच वेगात पुढे जातं. पुस्तकातल्या आकृतीत दोन भागांत कापलेलं कडं का असतं, हे मग फारसं समजावून सांगावं लागत नाही. तिथे प्रवाह नुसता तुटत नाही, त्याची दिशा उलटते, एवढाच फरक सांगायचा उरतो.

तीच चित्रफीत सलग पाहिली तर? मजा येते, आणि समजल्यासारखंही वाटतं. धोका याच वाटण्यात आहे. पुढे ‘व्हेरिटॅसियम’ ही विज्ञानाची वाहिनी सुरू करणाऱ्या डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात 2008मध्ये पूर्ण केलेल्या पीएच.डी.च्या कामात हेच तपासलं. विषय स्वच्छ, सोपा करून सांगणारे भौतिकशास्त्राचे व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडले. गुण मात्र जेमतेम हलले आणि चुकीच्या उत्तरांवरचा विश्वास वाढला. ज्या व्हिडिओंत विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या गैरसमजुती आधी मांडून मग खोडल्या होत्या, ते त्यांना गोंधळात टाकणारे वाटले, पण गुण त्यांनीच वाढवले. ‘छान समजलं, सर’ या उत्तरावर शिक्षकाने समाधान मानू नये, ते यासाठी.

लांबीचंही तसंच. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांचा 2014मध्ये अभ्यास झाला, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी लक्ष साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नसल्याचं दिसलं. पाऊण तासाचं व्याख्यान फोनवर ढकलण्यात अर्थ नाही. त्यातली कामाची चार मिनिटं शोधणं हे शिक्षकाचं खरं काम, आणि त्याला वेळ लागतो.

महाराष्ट्राकडे या कामाची परंपरा होती, हे विसरून चालणार नाही. पुण्यात 1984मध्ये ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. शाळकरी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करून ते दूरदर्शनवर दाखवणारी ही सरकारी संस्था पैशाअभावी 2017मध्ये बंद पडली. तीनच वर्षांत, मार्च 2020मध्ये, राज्यातल्या शाळांना टाळं लागलं आणि मराठी व्हिडिओंची शोधाशोध सुरू झाली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने रोजचा अभ्यास फोनवर पाठवला. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका आली. ही धडपड मोलाची होती. पण एवढ्या वर्षांचा अनुभव असलेली संस्था तेव्हा हाताशी नव्हती, याची खंत वाटलीच पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला अभ्यासाचे व्हिडिओ उघडणारे क्यूआर कोड जोडले. पुढे ते राज्याच्या पुस्तकांत आले आणि 2020मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांच्या कामातलं शिकण्यासारखं हे की, कोणत्या पानावर, कोणत्या मुलांसाठी, काय दाखवायचं हे वर्गातल्या शिक्षकाने ठरवलं.

फोन आता अडसर राहिलेला नाही. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2024च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयोगटातल्या सुमारे 57 टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी वापरणारी होती 76 टक्के. म्हणजे यंत्र घरात आहे, त्याला वळण द्यायचं आहे.

त्यासाठी नवं ॲप नको. आसपासच्या शाळा मिळून होणाऱ्या केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद आजही भरते. तिथे परिपत्रकं वाचण्यातला अर्धा तास काढावा. एक व्हिडिओ सगळ्यांनी मिळून पाहावा आणि तो कुठे थांबवायचा, कोणता प्रश्न विचारायचा, मुलं कोणतं चुकीचं उत्तर देतील हे लिहून काढावं. ते टिपण व्हिडिओच्या लिंकबरोबर निमोण्याच्या शिक्षकाने न्हावऱ्याच्या शिक्षकाला पाठवावं. वर्षभरात एकेका इयत्तेचा गणित-विज्ञानाचा बराच भाग असा तयार होईल, आणि तो जपून सर्वांना खुला करण्याची जबाबदारी राज्याने पाठ्यपुस्तक मंडळाच्या ई-बालभारतीवर सोपवावी, पुरेशा पैशासह.