दुकानाची पाटी मराठीत, मग वेबसाइटचा पत्ता रोमन लिपीत का?

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत फेरफटका मारला की दुकानांच्या पाट्या मराठीत दिसतात. २०२२ मध्ये राज्य सरकारने कायद्यात बदल करून सगळ्याच दुकानांना देवनागरी पाटी सक्तीची केली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईतल्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. पण पाटीवर वेबसाइटचा पत्ता द्यायचा झाला, की तो रोमन लिपीतच लिहिला जातो.

खरं तर देवनागरी पत्ता मिळतो. 'डॉट भारत' ही सोय ऑगस्ट २०१४ मध्येच सुरू झाली. मग अडतंय कुठे?

जुनं घर, नवे भाडेकरू

इंटरनेटची पत्त्यांची यंत्रणा १९८३ ची. तिच्यात वेबसाइटच्या नावांसाठी इंग्रजी अक्षरं, अंक आणि जोडरेघ एवढीच चिन्हं ठरली होती. ही यंत्रणा बदलायची तर जगभरातले सर्व्हर बदलावे लागले असते. म्हणून २००३ मध्ये मधला मार्ग निघाला. तुम्ही देवनागरीत टाइप करायचं, ब्राउझरने त्याचं इंग्रजी अक्षरांत सांकेतिक रूप करायचं आणि जुन्या यंत्रणेकडे तेच पाठवायचं. यंत्रणेच्या लेखी 'भारत' म्हणजे 'एक्सएन--एच२बीआरजे९सी'. लिंक कॉपी करून कुणाला पाठवली की अनेकदा हेच अगम्य रूप समोर येतं, आणि ग्राहकाला ती लिंक फसवणुकीची वाटते.

'वऱ्हाडी'ची गोष्ट

मराठीची अडचण आणखी बारीक आहे. समजा, एखाद्या मसालेवाल्याला 'वऱ्हाडी' या नावाने पत्ता हवा आहे. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत.

२००३ च्या नियमांत हे अदृश्य चिन्ह सरळ गाळलं जायचं. ते गळालं की 'वऱ्हाडी'चं 'वर्हाडी' होतं, आणि 'दऱ्या'चा 'दर्या'. म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात! २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या नियमांनी या चिन्हाला ठरावीक जागी परवानगी दिली.

पण इथेच नवा पेच तयार झाला. तीच लिंक जुन्या नियमाने एका पत्त्यावर जाणार आणि नव्या नियमाने दुसऱ्या. तो दुसरा पत्ता भलत्याच माणसाने घेतला असेल तर? या धास्तीने ब्राउझर बरीच वर्षं जुन्या सवयीला धरून राहिले. गुगल क्रोमने हा बदल स्वीकारला तो थेट २०२३ मध्ये.

फॉर्मच नको म्हणतो

पत्ता उघडला तरी काम संपत नाही. अनेक वेबसाइटचे फॉर्म आजही इंग्रजी अक्षरं आहेत का, एवढंच तपासतात. देवनागरी ईमेल टाकला की 'चुकीचा पत्ता' असा लाल शेरा येतो. अशा ईमेलसाठीचे नियम २०१२ पासून आहेत. पण पत्र पाठवणारा आणि स्वीकारणारा, दोन्हीकडचे सर्व्हर ते मानणारे हवेत. एकानेही नकार दिला की पत्र परत.

मग करायचं काय?

देवनागरी पत्ता घ्यायचाच नाही, असं नाही. तो घ्या, पण सोबत रोमन पत्ताही ठेवा आणि दोन्ही एकाच वेबसाइटवर वळवा. नावात अर्धा र असेल तर निवडीआधी दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर ते टाइप करून उघडून पाहा. ईमेल मात्र सध्या रोमन लिपीतलाच छापा.

दुकानाची पाटी कायद्याने बदलता आली. वेबसाइटच्या पत्त्याचं तसं नाही. फॉर्म बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने, बँकेने आणि सरकारी कार्यालयाने आपापली तपासणी सुधारली, तरच गुलमंडीतल्या दुकानदाराला फक्त मराठी पत्त्यावर विसंबता येईल.