साध्या डिस्कवर एचडी

तुमच्या ग्रुपमध्ये एव्हाना कुणाकडे तरी डीएसएलआर आलाच असेल. घेतला फोटोसाठी, पण हल्ली त्यावर फोटो कमी आणि शॉर्टफिल्मच जास्त निघतात. २००८ मध्ये कॅननने फाइव्ह-डी मार्क टू जाहीर केला, २०१० मध्ये बाबांच्या खिशाला जरा तरी झेपेल असा ५५०डी आला आणि १९२० बाय १०८० चं चित्र थेट कॉलेजच्या पोरापोरींच्या हातात पडलं. लेन्स कुठली, लाइट कसा, यावर कट्ट्यावर तासन्‌तास चर्चा झडतात. शूट संपल्यावर त्या चित्राचं पुढे काय होतं, यावर मात्र कुणी फार बोलताना दिसत नाही.

होतं असं. एडिटिंग उरकतं, स्पर्धेची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते आणि कुणीतरी म्हणतं, "चल, पटकन डीव्हीडी राइट कर." सॉफ्टवेअरमधलं डीव्हीडीचं बटण दाबलं जातं, अर्ध्या-पाऊण तासात डिस्क बाहेर येते. त्या वेळात तुमच्या चित्रातल्या दर पाच ठिपक्यांमधले चार उडालेले असतात. खोटं वाटत असेल तर गुणाकार करा. १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२०. बरोब्बर एक पंचमांश.

शॉर्टफिल्मचं एक वेळ ठीक आहे, मूळ फाइल कुणाच्या तरी हार्डडिस्कवर पडून असते. नाटकवाल्यांचं बघा. पुरुषोत्तम किंवा फिरोदियासाठी दोन-अडीच महिने घाम गाळायचा, प्रयोग करायचा, मागे उभ्या असलेल्या मित्राने तो हँडीकॅमवर एचडीत शूट करायचा आणि सगळ्यांना वाटताना साधी डीव्हीडी. स्टेजवर अंधार, एकच लाल स्पॉट, मागे कोरसमधले आठ जण. डीव्हीडीवर त्या आठ जणांचे चेहरे म्हणजे आठ पुसट ठिपके! पुढच्या वर्षी निम्मी टीम पास होऊन निघून जाते, तो प्रयोग पुन्हा होत नाही. कार्डावर पुढचं काहीतरी शूट होतं. उरते ती ही डिस्क.

आता लोक म्हणतात, मग काय करणार? एचडी हवं तर ब्लू-रे घ्या. ब्लू-रेची ब्लँक डिस्क शेकड्यात, ती लिहिणारा बर्नर हजारांत. हे ऐकून विषय तिथेच संपतो. माझं म्हणणं असं आहे, की हा विषय तिथे संपायला नको. तीच साधी ब्लँक डीव्हीडी एचडी चित्र सांभाळू शकते. ते दाखवायला ब्लू-रे प्लेअर लागेल, पण लिहायला तुमच्या पीसीतला साधा डीव्हीडी रायटर पुरतो.

कसं काय? 'डीव्हीडी' हा एकच शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो, तिथे घोटाळा आहे. एक म्हणजे ती चकती. तिच्यावर ४.७ जीबी काहीही मावतं, गाणी, नोट्स, प्रोजेक्ट रिपोर्ट. दुसरं म्हणजे 'डीव्हीडी-व्हिडिओ' नावाचं नव्वदच्या दशकातलं नियमांचं बाड. त्यात चित्र एमपेग-२ (किंवा त्याहून जुन्या एमपेग-१) मध्येच हवं, ७२० बाय ५७६ पेक्षा मोठं नको, व्हिडिओचा वेग सेकंदाला ९.८ मेगाबिटच्या वर नको, असं सगळं ठरलेलं. चित्र मारतं ते हे बाड. चकतीला त्याचं काही सोयरसुतक नाही.

२००६ मध्ये सोनी आणि पॅनासोनिक यांनी मिळून एव्हीसीएचडी आणलं, कॅमकॉर्डरसाठी. चित्र एच.२६४ मध्ये दाबायचं (हे एमपेग-२ पेक्षा कितीतरी हुशार आहे) आणि फोल्डरची रचना ब्लू-रेसारखी ठेवायची. काही कॅमकॉर्डर तर थेट आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवरच हे रेकॉर्ड करायचे. त्यामुळे अशी डीव्हीडी वाचायची सोय बऱ्याच ब्लू-रे प्लेअरमध्ये असते. प्लेअरच्या डब्यावर किंवा पुढच्या पट्टीवर एव्हीसीएचडीचा लोगो शोधा. हॉस्टेलवर कुणाकडे पीएसथ्री असेल तर तोही चालतो. निळ्या लेझरच्या या मशीनमध्ये जुन्या डीव्हीडी वाचायला लाल लेझरही असतोच.

आता हिशोब. डीव्हीडीवरच्या एव्हीसीएचडीला सेकंदाला १८ मेगाबिटची मर्यादा आहे. त्या वेगाने ४.७ जीबीत साधारण ३५ मिनिटं बसतात. १२ मेगाबिटवर आणलंत तर ५२ मिनिटं, म्हणजे आख्खी एकांकिका. तुमची बारा मिनिटांची शॉर्टफिल्म तर १६ मेगाबिटवर दीड जीबीच्या आत आटोपते. ५५०डीची मूळ फाइल मात्र तशीच टाकून चालणार नाही. ती मिनिटाला ३३० एमबी खाते, म्हणजे सेकंदाला ४४ मेगाबिट. ती आधी दाबावी लागते. एक्स२६४ हा त्यासाठीचा एन्कोडर फुकट आहे आणि झकास आहे. मग टीएसमक्सरमधून ब्लू-रेसारखं फोल्डर तयार करायचं आणि इमेजबर्नने राइट करायचं. फाइल सिस्टिम विचारेल तिथे यूडीएफ २.५० निवडायची. हेही दोन्ही फुकट.

तरी पहिली डिस्क बहुतेक फसते, आणि फसते ती दोनच ठिकाणी. पहिलं, आवाज. एडिटिंग सॉफ्टवेअरमधून एमपी४ काढलं की आवाज एएसीमध्ये येतो आणि ब्लू-रेच्या नियमांत एएसी बसत नाही. चित्र सुंदर, नायक तोंड हलवतोय आणि हॉलमध्ये शांतता. आवाज डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी-३ मध्ये काढा. दुसरं, फ्रेम्स. ट्यूबलाइट लुकलुकू नये म्हणून आपण २५ फ्रेम्सवर शूट करतो आणि नेमकं १०८० चं २५ फ्रेम्सचं प्रोग्रेसिव्ह चित्र ब्लू-रेच्या यादीत नाही. २४ आहे, २५ नाही! उपाय असा की तेच चित्र ५० फील्डचं इंटरलेस्ड म्हणून नोंदवायचं. प्रत्येक फ्रेमचे दोन अर्धे होतात, टीव्ही ते पुन्हा जोडतो, हरवत काही नाही. एक्स२६४ मध्ये यासाठी वेगळी सेटिंग आहे.

नाटक हँडीकॅमवर शूट करणाऱ्यांचं काम आणखी सोपं. कॅमेरा एव्हीसीएचडीचा असेल आणि १७ मेगाबिटच्या मोडवर ठेवला असेल, तर दाबायची गरजच नाही, फक्त ३५ मिनिटांची वाटणी करून दोन डिस्क करा. २४ मेगाबिटचा सगळ्यात भारी मोड लावलात, तर ते डीव्हीडीवर जसंच्या तसं जाणार नाही, हे शूटच्या आधीच लक्षात घ्या.

हे ब्लू-रेला पर्याय आहे असा माझा दावा नाही. दोन तासांचा सिनेमा ४.७ जीबीत कोंबला तर सेकंदाला पाचच मेगाबिट हाती येतात. पाऊस, गर्दी, नाच आला की चित्राचे चौकोन पडतात. ब्लू-रेला २५ जीबी मिळतात ते उगाच नाही. आणि डाउनलोड केलेल्या सिनेमांसाठी ही आयडिया वापरणाऱ्यांना काय सांगायचं? स्वतःच्या शॉर्टफिल्मच्या कॉप्या कुणी फुकट वाटल्या तर कसं वाटेल, तेवढं आठवा. साध्या डीव्हीडी प्लेअरमध्येही ही डिस्क चालणार नाही, तो 'नो डिस्क' म्हणून मोकळा होईल. म्हणून आजीला द्यायची ती नेहमीची डीव्हीडी, ग्रुपसाठी ही दुसरी, आणि दोन्हींवर मार्करने कुठली काय ते लिहायचं.

माझा खरा राग आहे तो 'एचडी' या शब्दाच्या दुकानदारीवर. लग्नसराईत 'फुल एचडी शूटिंग'चे जादा पैसे घ्यायचे आणि हातात काय द्यायचे? गुलाबी कव्हरमधली साधी डीव्हीडी. घरचे खूश, कारण ब्लू-रे प्लेअर ती ताणून मोठ्या पडद्यावर दाखवतो. ताणल्याने चित्र मोठं होतं, उडालेले चार ठिपके परत येत नाहीत. घरात पुढचं लग्न ताईचं असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी शूटिंगवाल्याला विचारा की एचडी कशावर देणार, आणि कार्डावरच्या मूळ फाइल्स तुमच्या हार्डडिस्कवर कॉपी करून मागा. ताईला सांगा, हे विचारणं काही उद्धटपणाचं नाही.

तसंच स्पर्धांचं. कॉलेजच्या शॉर्टफिल्म फेस्टिव्हलच्या फॉर्मवर 'प्रवेशिका डीव्हीडीवर पाठवावी' एवढंच छापायचे. मुलांनी उसने पैसे घेऊन लेन्स भाड्याने आणायची आणि परीक्षकांनी त्यांचं काम एक पंचमांश ठिपक्यांत बघून 'फोटोग्राफी कमकुवत' असा शेरा मारायचा, हा कुठला न्याय? यंदा तुमच्यापैकी जे कुणी आयोजनात असतील त्यांनी एक ब्लू-रे प्लेअर भाड्याने आणावा, फॉर्मवर 'एव्हीसीएचडी डिस्कही चालेल' ही ओळ टाकावी आणि आलेली प्रत्येक डिस्क त्याच प्लेअरवर आदल्या दिवशी लावून बघावी. ज्यांची अडकेल त्यांना फोन करायला एक संध्याकाळ तरी हातात राहील.