दुधाच्या वाटीने जीवदया होत नाही

क्षमावाणीच्या दिवशी मंदिराच्या पायऱ्यांवर ओळखीच्या एक बाई भेटल्या. हात जोडून झाले, वर्षभराची क्षमा मागून झाली आणि लगेच पुढचं वाक्य आलं, "वहिनी, ऐकलं ते खरं का हो? तुमच्या घरात मांजरासाठी मांसाचं खाणं येतं म्हणे!"

खरं आहे, येतं. त्या दिवशी मी काही बोलले नाही. सणाच्या दिवशी वाद नको म्हणून गप्प बसले. पण हा प्रश्न त्या एकट्यांचा नाही. गेल्या चार महिन्यांत घरात जावेने विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, फोनवरून मुलीच्या सासूबाईंनीही विचारला. म्हणून उत्तर इथे लिहिते. थोडं कडू लागेल.

ज्येष्ठ संपता संपता, पहिल्या मोठ्या पावसात आमच्या मागच्या पडवीत दोन पिलं सापडली. दोन दिवस आईची वाट पाहिली, ती आली नाही. एक ठिपक्यांचं, एक करडं. दोघांचे डोळे चिपडांनी चिकटलेले, नाकं वाहत होती, शिंकांवर शिंका, पोट ढोलासारखं फुगलेलं आणि शी पाण्यासारखी. मी काय केलं? आपल्या घराघरांत करतात तेच. गाईचं दूध कोमट करून वाटीत ठेवलं, जुनं लुगडं अंथरलं आणि मनात म्हटलं, जीवदया घडली.

ठिपक्या सतराव्या दिवशी गेला. शेवटचे दोन दिवस तो वाटीजवळ यायचा, नुसता बसायचा आणि परत जायचा. मला वाटलं, पोट भरलं असेल. नाक बंद असलेल्या मांजराला अन्नाचा वास येत नाही, आणि वास आला नाही तर ते खात नाही, हे मला कळलं तेव्हा तो उरला नव्हता.

आता मुद्द्याचं बोलते. गाईचं दूध मांजराच्या पिलाला सोसत नाही. त्यातली साखर पचवण्याची ताकद पिलू वाढतं तशी कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धता गाईच्या दुधापेक्षा खूप जास्त असते. अगदी तान्ह्या पिलासाठी वेगळी दूध पावडर मिळते, आणि महिन्याच्या पुढचं पिलू मऊ खाणं खाऊ लागतं. म्हणजे सतरा दिवस मी ज्याला दया म्हणत होते, ती त्याचे जुलाब वाढवत होती. चित्रात मांजर म्हटलं की दुधाची वाटी असतेच, आणि आपण चित्र पाहून प्राणी सांभाळतो.

दुसऱ्या पिलाला, मनीला, डॉक्टरांकडे नेलं. तिथेही माझी एक चूक झाली. पाच दिवसांचं औषध दिलं होतं. तिसऱ्या दिवशी शिंका थांबल्या, मी औषध थांबवलं. आठवड्याने शिंका परत, जुलाब परत. असं दोनदा झालं. मग मी जे मला येतं ते केलं. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, पण कीर्द लिहायची सवय गेलेली नाही. शंभर पानी वही घेतली आणि रोज मांडायला लागले: वजन, खाणं किती, शी कशी आणि कितीदा, शिंका, कोणतं औषध किती वाजता. पहिल्या दिवशी वजन ४९० ग्रॅम. दोन महिन्यांच्या आसपासचं पिलू. त्याचं वजन आठशे-नऊशे ग्रॅम तरी हवं होतं.

ती वही घेऊन दुसऱ्या पशुवैद्यांकडे गेले. त्यांनी आधी शी तपासायला मागितली. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी निघाली आणि कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवीही निघाले. जंत पिलांना आईच्या दुधातूनच येतात. जंताच्या औषधाने कॉक्सिडिया जात नाहीत, त्याला वेगळं औषध लागतं. आणि जंताचं औषध एकदा देऊन भागत नाही. शरीरात फिरणाऱ्या अळ्या त्यातून सुटतात आणि पुन्हा आतड्यात येतात, म्हणून लहान पिलाला दर दोन आठवड्यांनी ते परत द्यावं लागतं. शिंकांचं कारण तिसरंच होतं. मांजरांचा सर्दीचा ताप बहुतेक वेळा हर्पिस किंवा कॅलिसी या विषाणूंनी येतो. त्यांच्यावर प्रतिजैविकं चालत नाहीत, ती चालतात त्यांच्या पाठोपाठ आलेल्या जिवाणूंवर. हर्पिसचा विषाणू तर एकदा शिरला की शरीरात दबून राहतो आणि मांजर घाबरलं, थकलं, आजारी पडलं की डोकं वर काढतो. त्यामुळे तो एका औषधाने आणि एका आठवड्यात संपणारा आजार नव्हताच. दोन-तीन आजार एकमेकांचा हात धरून आले होते आणि मी प्रत्येक वेळी एकालाच हाकलत होते.

इथून पुढे घरातला आणि समाजातला विरोध सुरू झाला. एकेकाचं उत्तर देते.

पहिलं म्हणणं: "त्याच्या असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, आपण काय करणार?" उदय त्याचा असेल. पण त्याला जुलाब होत असताना मी चुकीचं दूध पाजलं, औषध अर्ध्यावर सोडलं, हा प्रमाद माझा आहे. आपल्या नातवाला निमोनिया झाला तर कुणी कर्माचा उदय म्हणून घरी बसतं का? मध्यरात्री गाडी काढतो. शास्त्राने श्रावकाला चार दानं सांगितली, त्यांत औषधदान आहे. कर्मसिद्धान्त शिकवणाऱ्यांनीच ते सांगितलंय. त्यांना कर्म कळत नव्हतं काय?

दुसरं म्हणणं जावेचं: "पोट बिघडलंय तर लंघन करू दे, आपण नाही का उपवास करत?" आपण उपवास करतो तो समजून, संकल्प करून, साठ किलोच्या देहाने. अर्ध्या किलोचं पिलू दिवसभर उपाशी राहिलं तर त्याच्या रक्तातली साखर उतरते आणि ते थंड पडतं. त्याला त्याचा उपवास कळत नाही, फक्त भूक कळते. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, फार ओझं लादणं आणि पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रितांचं अन्नपाणी रोखणं. पाठशाळेत आपण हे पाच घोकलेत. मला वाटायचं, बैलाच्या मालकासाठी असेल ते. ज्या अन्नाने त्याचं पोषण होत नाही असं अन्न पुढे ठेवून समाधान मानणं, हा अन्नपाननिरोधच नाही का? १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातसुद्धा पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न-पाणी न देणं आणि त्याला सोडून देणं, दोन्ही क्रूरतेतच मोजलं आहे. कायद्याला आज सुचलं ते आपल्या आचार्यांना फार आधी सुचलं होतं, याचा अभिमान सांगायचा असेल तर वागण्यातून सांगावा.

तिसरं म्हणणं घरगुती औषधांचं. कुणी म्हणालं कापूर हुंगव, कुणी निलगिरीचं तेल, कुणी लहान मुलांचं तापाचं औषध चार थेंब दे म्हणालं. मैत्रिणींनो, हे नीट वाचा. पॅरासिटामॉल मांजराला अगदी थोड्या मात्रेतही जीवघेणं ठरतं, कारण त्याच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. कापूर आणि निलगिरीचं तेलही त्याला विषारी आहे. आपलं ते त्याचं नव्हे. गंमत म्हणजे कांदा आणि लसूण मांजराला विषच, त्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तेवढ्या एका बाबतीत ते जन्माने जैन आहे.

चौथं म्हणणं जरा गंभीर: "जंत मारायचं औषध देतेस? ते द्वींद्रिय जीव आहेत." आहेत, मी नाकारत नाही. पण दर वर्षी १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला शाळाशाळांत मुलांना जंतनाशक गोळी देतात. आपली नातवंडंही ती चघळून येतात. तेव्हा आपल्यापैकी किती जणींनी द्वींद्रिय जीवांचा हिशोब मांडला? हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे चार भेद आपण शिकलो. गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची आहे, बाकीची कमीत कमी करायची आहे. मारायच्या हेतूने मारणं वेगळं आणि पंचेंद्रिय जीव वाचवताना नाइलाजाने घडणारं वेगळं. नातवासाठी हा भेद आठवतो आणि मांजरासाठी विसरतो, याला शास्त्र म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

आता पाचवं, पायऱ्यांवरच्या बाईंचं. मांस. मांजराचं शरीर मांसावर चालतं. टॉरिन नावाचा एक घटक त्याला पुरेसा बनवता येत नाही. तो अन्नातून मिळाला नाही तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन ते आंधळं होतं, हृदय फुगून निकामी होतं. गाजरातल्या रंगद्रव्यापासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला तेही जमत नाही. भात-दूध, पोळी, पनीर यावर ते काही दिवस जिवंत राहील, पण वाढणार नाही. मी डॉक्टरांना शाकाहारी पर्याय विचारला होता. वाढत्या वयाच्या, आधीच खंगलेल्या पिलावर तो प्रयोग करू नका, असं ते स्पष्ट म्हणाले.

मग मी बंद पाकिटातलं खाणं आणलं. ते स्वयंपाकघरात येत नाही. मागच्या पडवीत त्याचा वेगळा डबा, वेगळी ताटली, वेगळा चमचा. देताना पाकीट कोमट पाण्यात बुडवून ठेवते, कारण कोमट अन्नाचा वास बंद नाकालाही थोडा पोचतो. दिवसातून चार वेळा थोडं थोडं, शेवटचं रात्री दहाला. (रात्रीभोजनाबद्दलही मला एकीने विचारलंय. मांजराला सूर्यास्ताआधी जेवायला बसवणाऱ्या बाईला माझा नमस्कार.)

यात पाप नाही असं मी म्हणत नाही. त्या पाकिटामागे कुठेतरी एक जीव गेला, ते माझ्या नावे पडलं. मी या दिवसांत साखर सोडली आहे, तेवढ्याने खातं मिटत नाही हेही मला कळतं. पण एक नोंद टाळून दुसरी जमेला धरायची, हा हिशोब मला शिकवलेला नाही. पाकीट न आणता मनी मेली असती तर ती नोंद कोणाच्या नावे पडली असती? ठिपक्या मेला तेव्हा आमच्या घरात मांसाचा कण नव्हता. त्याची हिंसा कुणी मोजली? पायऱ्यांवर मला त्याच्याबद्दल कुणीच विचारलं नाही.

"मग पाळायचंच कशाला?" हा शेवटचा आणि सर्वांत चांगला प्रश्न. पंधरा कर्मादानांत असतीपोषण आहे आणि हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात त्याखाली मांजर, कुत्रा, पोपट यांची नावंही येतात. पण तिथे बोलणं आहे ते पैशासाठी पोसण्याचं. हौसेने मांजर आणू नका, हे मीही सांगते. दारात आलेलं आजारी पिलू ही हौस नसते. दिल्लीच्या लाल मंदिरात आपलं पक्ष्यांचं रुग्णालय आहे. तिथे शिकारी पक्ष्यांना इतर पक्ष्यांबरोबर ठेवून घेत नाहीत, पण उपचार केल्याशिवाय परतही पाठवत नाहीत. मला तेवढा आधार पुरतो. पिलू पोत्यात घालून मंदिराच्या मागे किंवा गोशाळेत सोडणाऱ्यांनी मला कर्मादान शिकवू नये.

तुमच्या दारात असं पिलू आलं तर एवढं करा. दूध देऊ नका. ऊब द्या, डोळे-नाक कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. ताजी शी डबीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि तपासायला सांगा. औषध जितके दिवस सांगितलं तितके दिवस पूर्ण द्या. डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली तर वरून सिरिंजने थोडं पाणी पाजाच, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. वाळूचं घमेलं रोज साफ करा, कारण शीतून पडलेले कॉक्सिडिया एक-दोन दिवसांत पुन्हा लागण करण्याजोगे होतात. रोज वजन करा. बरं झालं की लस टोचून घ्या.

आमच्या वहीत काल मनीचं वजन १ किलो ६४० ग्रॅम आहे. शिंका पाऊस पडला की अजून येतात, त्या कदाचित जन्मभर येतील. शी बांधून होते. ती शेगडीच्या ओट्याखाली येऊन बसते आणि जावबाई तिला "जा गं" म्हणत म्हणत पायाने पायपुसणं तिच्याकडे सरकवतात.

क्षमावाणीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. या वर्षी ते म्हणताना माझ्यासमोर एकच जीव होता, वाटीजवळ येऊन नुसता बसणारा. त्याने क्षमा केली की नाही, मला कळायचा मार्ग नाही. म्हणून हे लिहिलं.