फेकीचा सराव

सुटीच्या दिवशी बागेत दोन मुले प्लॅस्टिकची तबकडी एकमेकांकडे फेकताना दिसली, तर त्या फेकीत शिकण्यासारखे काही असेल असे पाहणाऱ्यास सहसा वाटत नाही. 'अल्टिमेट फ्रिस्बी' या सांघिक खेळात मात्र सारे काही त्या फेकीवरच अवलंबून असते. येथे तबकडी हाती असलेल्या खेळाडूस धावण्याची मुभा नाही. एक पाय जागेवर रोवून, त्याभोवती वळत, दहा सेकंदांच्या आत त्याने ती सहकाऱ्याकडे धाडायची. ती जमिनीवर पडली की ताबा प्रतिपक्षाकडे गेला.

१९६८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मेपलवुड येथील कोलंबिया हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी हा खेळ सुरू केला. ते शाळेच्या वाहनतळावर खेळत. आज प्रत्येक बाजूस सात खेळाडू, १०० मीटर लांब व ३७ मीटर रुंद मैदान आणि १७५ ग्रॅम वजनाची तबकडी असा त्याचा सर्वसाधारण थाट आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या खेळात पंच नसतो. नियमभंग झाल्यास खेळाडूंनीच तो सांगायचा आणि आपसात निवाडा करायचा.

सरावाचा आरंभ जोडीने होतो. पाच-सहा पावलांचे अंतर ठेवून दोघे समोरासमोर उभे राहतात. बॅकहँडमध्ये अंगठा वर आणि बोटे काठाच्या आत असतात, तर फोरहँडमध्ये तर्जनी व मध्यमा काठाला आतून टेकलेल्या असतात. नवखा खेळाडू सारा हात जोराने फिरवतो आणि तबकडी डळमळत जाते. दोष बळाचा नसतो, फिरकी कमी पडलेली असते. आणि फिरकी येते ती मनगटाच्या झटक्यातून. म्हणून काही प्रशिक्षक एक गुडघा जमिनीला टेकवून फेकावयास लावतात. पायांचा आधार गेला की मनगटास काम करावेच लागते. अंतर वाढवायचे ते त्यानंतर. मध्यंतरी जोडीने जागा बदलणेही अगत्याचे असते, कारण समोरच्या वाऱ्यात तबकडी वर उचलली जाते आणि पाठीमागच्या वाऱ्यात खाली बसते. जागा न बदलणारा एकाच वाऱ्याचा फेकणारा होऊन राहतो.

खरी कसोटी तिघांच्या सरावात लागते. एक फेकणारा, एक झेलणारा आणि फेकणाऱ्यासमोर अडवणारा, म्हणजे मार्कर. मार्करने किमान तबकडीच्या व्यासाइतके अंतर राखून हात पसरायचे आणि एकापासून दहापर्यंत मोठ्याने मोजायचे. 'दहा'चा उच्चार सुरू होण्यापूर्वी तबकडी हातून सुटली पाहिजे. फेकणारा एका बाजूस फेकण्याची हूल देतो, वळतो आणि दुसऱ्या बाजूने वाट काढतो.

येथे मित्रत्व आड येते. समोर आपलाच सोबती आहे म्हणून मार्कर हात सैल ठेवतो, अंक लांबवतो. सोबत्याची प्रत्येक फेक यशस्वी होते आणि सामन्याच्या दिवशी तो गोंधळून जातो. उलट दोष घाईने मोजण्याचा. रोखपाल नोटा भराभर मोजू लागला की खिडकीबाहेरच्या ग्राहकाचा जीव वरखाली होतो, तसे फेकणाऱ्याचे होते. दोन अंकांच्या आरंभांत निदान एक सेकंद जावा असा नियम आहे. घाई झाल्यास फेकणाऱ्याने लगेच तसे सांगायचे. मग मोजणी एक अंक मागे जाते, म्हणजे 'सहा' उच्चारून झाले असेल तर पुढचा अंक 'पाच' येतो. हे सरावातच सांगण्याची सवय नसेल, तर चुरशीच्या सामन्यात एकतर संकोचाने तोंड उघडत नाही किंवा उघडले तर भांडण होते. बहुतेक संघ फेकीचा कोन तासन्‌तास घोटतात. मोजणीकडे तेवढे लक्ष देत नाहीत, हे नवलच म्हणायचे.

तबकडी सोडताच फेकणारा तिच्यामागे धावतो आणि झेलणाऱ्यासमोर मार्कर म्हणून उभा राहतो. आधीचा मार्कर झेलण्यास सज्ज होतो. चक्र असेच चालू राहते. पंधरा-वीस फेऱ्यांनंतर धाप लागते, आवाज अडखळतो आणि अंक पुटपुटले जाऊ लागतात. तेव्हा प्रशिक्षक सराव थांबवतो. फेकणाऱ्यास ऐकू न आलेला अंक धरायचा नाही असे बजावतो आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावयास लावतो.