फेब्रुवारीतले गाव आणि मे महिन्यातले गाव

प्रति,
जनगणना कार्य संचालक, महाराष्ट्र
आणि बीडसह ऊसपट्ट्यातील सर्व जिल्हाधिकारी

महोदय,

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली आमची गावे मुरमाड माळावर वसलेली आहेत. खाली काळा खडक, वर वीतभर माती. पाऊस पडतो तो उताराने निघून जातो. खरीप निघाला की हाताला काम उरत नाही. मग मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीला संसार गाडीत भरून ऊसतोडीला निघतात, ती कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात.

जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे, म्हणजे प्रगणक फेब्रुवारीत दारी येणार. तेव्हा आमच्या आळीच्या आळी कुलूपबंद असतात. एखाद्या ओट्यावर म्हातारी बसलेली दिसते आणि तिच्याभोवती तिघा मुलांकडची नातवंडे. गणनेच्या पूर्ण काळात जो गावात नाही, त्याला गावात धरत नाहीत. नियम मान्य. पण तो जिथे आहे तिथे तरी मोजला जातो का? फडालगतच्या पाचटाच्या कोपीतून माणसे पहाटे अंधारातच बाहेर पडतात. प्रगणक दुपारी आला तर त्याला भेटणार कोण? फड संपला की कोपीही पुढच्या शिवारात जाते.

उन्हाळ्यात माणसे परततात, गाव भरते आणि नेमके तेव्हाच पाणी संपते. टँकरच्या खेपा, माणशी ५५ लिटरची नळयोजना, वित्त आयोगाचा निधी, ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या, सगळे लोकसंख्येवर ठरते. २०११ नंतर गणना झालेली नाही. आता चुकलेला आकडा आम्हाला वर्षानुवर्षे भोगावा लागेल.

म्हणून तीन मागण्या. घरयादीत कुटुंब नोंदवलेले घर फेब्रुवारीत बंद आढळले, तर त्याची वेगळी नोंद ठेवा. कोपींसाठी स्वतंत्र प्रगणक नेमा आणि त्यांना संध्याकाळी पाठवा. कोणती टोळी कोणत्या फडावर आहे, हे कारखान्याच्या शेती खात्याला ठाऊक असते. आणि तोडीला गेलेल्यांची संख्या त्यांच्या मूळ गावाच्या आकड्याशेजारी जाहीर करा, म्हणजे टंचाईचा आराखडा मे महिन्यातल्या माणसांसाठी होईल.

याचे लेखी आदेश गणना सुरू होण्याआधी निघावेत. प्रगणक कुलूप पाहून पुढे गेल्यावर त्यांचा उपयोग नाही.

आपला,
बालाघाटातील एक ग्रामस्थ