आधी भाकरी, मग प्रवचन

होस्टेलवर आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, "तू ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं चांगलं कसं बोलतोस?" अरे बाबा, मी होटगीचा! घरात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि रविवारी 'उपासना संगीत'.

वडील रेल्वेत. होटगी जंक्शनवरून एक लाइन वाडीला जाते, एक विजापूरला. आम्ही मात्र दर रविवारी सोलापूरला चर्चला. रविवारची शाळा, नाताळची नाटकं, तरुण संघ... स्टेजवर उभं राहायचं धाडस मला तिथेच मिळालं. चर्चचे माझ्यावर उपकार आहेत, म्हणूनच हे लिहितोय.

बारावीत गणितात उडालो. झोप उडाली, जेवण नको झालं. तरुण संघात एकदा धीर करून बोललो, "देव ऐकतो असं मला आता वाटत नाही." सगळे गप्प. मग कुणी म्हणालं विश्वास कमी पडतोय, कुणी म्हणालं उपास कर. पुढच्या रविवारी तर माझं नाव घेऊन तो सगळ्यांसमोर 'प्रार्थनेचा विषय' झाला! हेतू चांगलाच होता. पण त्यानंतर दर रविवारी माझं पोट दुखायला लागलं.

एक दिवस मंडळीतले एक रिटायर्ड काका होटगीला आले. हातात बायबल नव्हतं. मला स्टेशनवर नेलं, चहा पाजला आणि विचारलं, "जेवतोस का रे नीट? झोप लागते का?" बस्स. तासभर मीच बोलत होतो. जाताना म्हणाले, "तुला नाही यावंसं वाटलं तर नको येऊ. मी येतो की!" पुढे वडिलांना समजावून मला डॉक्टरांकडे नेणारेही तेच.

खचलेल्या पोराला 'विश्वास वाढव' म्हणणं म्हणजे तापलेल्या मोटरवर आणखी लोड टाकणं. आणि हे बायबलला धरूनही नाही. एलीया संदेष्टा जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला घातलं. बोलणं नंतर. थोमाने शंका घेतली, तरी येशूने त्याला हाकललं नाही, जखमा दाखवल्या.

आपल्याकडेही बघा. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला त्र्यंबक ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, पुढे नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिला. घर ख्रिस्ती, पोरगा हिंदू. तरी लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : प्रत्येक चर्चमध्ये तरुणांचं नुसतं ऐकून घेणारे एक काका आणि एक मावशी हव्यात. ऐकलेलं विचारल्याशिवाय चारचौघांत जाऊ नये. आणि प्रार्थनेसोबत डॉक्टर लागला तर त्यात विश्वासाचा पराभव मानू नये. २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६. चर्चच्या नोटीस बोर्डावर तो लावायला काय हरकत आहे?

मी आज पुन्हा चर्चला जातो. शंका सगळ्या फिटल्यात असं नाही. पण त्या घेऊन बसायला जागा आहे.

आणि मित्रांनो, हे फक्त चर्चपुरतं आहे का? केटी लागल्यापासून ज्याची खोली बंद असते, असा एक तरी आपल्या विंगमध्ये असेलच. त्याला लेक्चर नको. मेसला जाताना दार वाजवा आणि म्हणा, "चल, जेवायला!"