उपाय आणि अपाय

संकट आले की मनुष्य उपायासाठी धावतो. हे स्वाभाविकच आहे. परंतु संकटाचे मूळ न ओळखता योजिलेला उपाय पुष्कळदा अपाय ठरतो. अशा वेळी उपाय योजणाऱ्याच्या ठायी सद्हेतूची उणीव असतेच असे नाही; उणीव असते ती ज्ञानाची. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात बिबट्यांच्या बाबतीत जे घडले, ते याचे बोलके उदाहरण होय.

कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे वाहू लागले आणि एके काळच्या कोरडवाहू जमिनीत ऊस उभा राहिला. दाट ऊस म्हणजे बिबट्याला आयते रानच! तेथे लपण्यास आडोसा, पिण्यास पाणी आणि जवळच्या वस्तीवर कुत्री, शेळ्या व वासरे. बिबट्याची मादी उसातच पिले घालू लागली. इकडे शेतकऱ्याच्या गोठ्यातील जनावर जाऊ लागले आणि कधी कधी माणसांवरही घाला पडू लागला. ज्या घरातील मूल गेले, त्या घराच्या दुःखास मोजमाप नाही.

तेव्हा 2001 सालापासून एक मोठी मोहीम सुरू झाली. पिंजरे लावून बिबटे पकडावेत आणि दूरच्या वनांत नेऊन सोडावेत, म्हणजे माणूसही वाचेल व बिबट्याही जगेल, अशी त्यामागील कल्पना होती. कल्पना दयाळूपणाची होती. पण फळ उलटे आले. मोहिमेपूर्वी माणसांवरील हल्ले वर्षाकाठी सरासरी 4 होत; त्यानंतर ते 17 पर्यंत गेले. पूर्वी शंभरातील 18 हल्ले प्राणघातक ठरत. ते प्रमाण 36 झाले.

असे का व्हावे? डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा चिकाटीने अभ्यास केला. बिबट्याला आपला मुलूख ठाऊक असतो. कोठे माणूस असतो व त्याला कसे टाळावे, हे तो शिकलेला असतो. अनोळखी प्रदेशात सोडला की तो बावरतो आणि परतीची वाट धरतो. इकडे त्याच्या रिकाम्या जागी दुसरा बिबट्या येतो. म्हणजे पहिले संकट टळत नाहीच, नवे मात्र उभे राहते. 2009 साली पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेल्या एका प्रौढ बिबट्याच्या गळ्यात यंत्रयुक्त पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. ‘आजोबा’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. लोहमार्ग, महामार्ग व खाडी ओलांडून सुमारे 120 किलोमीटर चालत तो महिनाभरात मुंबईजवळच्या वनात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसास इजा केली नाही.

अकोले तालुक्यातील अभ्यासाने आणखी एक गोष्ट उघड केली. तेथे शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती. तरीही बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा 39 टक्के, तर शेळ्यांचा अवघा 11 टक्के आढळला. कारण साधे होते. शेळ्या रात्री बंदिस्त जागी असतात. मोकाट कुत्र्यांना राखणदार नसतो.

या संशोधनातून निघणारा उपाय खर्चिक नाही. पण त्यास शिस्त हवी. गोठा भक्कम व बंदिस्त असावा. वस्तीभोवतीची घाण दूर व्हावी, म्हणजे मोकाट कुत्र्यांची संख्या घटेल. अंधारात मुलांना एकटे सोडू नये. ऊसतोडीत पिले दिसली तर ती उचलून नेऊ नयेत; माता त्यांना घेऊन जाते. मात्र हा सारा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणे न्यायाचे नव्हे. रात्री पाणी देण्यासाठी त्याला उसात जावे लागू नये म्हणून दिवसा वीज मिळावी, आणि जनावर गेल्यास भरपाईसाठी त्याला हेलपाटे घालावे लागू नयेत. वन्य जीवांच्या रक्षणाचे श्रेय साऱ्या समाजाने घ्यावे आणि त्याची किंमत तेवढी शेतकऱ्याने द्यावी, हे योग्य नाही.

भीतीने घाई होते आणि घाईने चूक होते. शत्रू म्हणून ज्याच्याकडे पाहावयाचे, त्यालाही आधी जाणून घ्यावे लागते. ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ असा प्रकार टाळावयाचा असेल, तर पिंजऱ्याआधी अभ्यास हवा. दयेला ज्ञानाची जोड मिळाली, तरच ती खऱ्या अर्थाने उपकारक ठरते.